यादी लावाच, पण आधार नंबर आणि आजार भिंतीवर नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया शेवटपर्यंत वाचली, आणि तिला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटेना म्हणून इथे सविस्तर लिहितेय. आधीची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीने निराधार योजनेच्या लाभार्थ्यांची यादी भिंतीवर लावली, त्यात नावापुढे अख्खा आधार नंबर, बँकेचं नाव, खाते नंबर, मोबाईल आणि शेवटी ‘लाभाचं कारण’ असा रकाना होता, आणि संध्याकाळपर्यंत तिचा फोटो गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरत होता. हे चुकीचं आहे असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणताय की पैसा जनतेचा आहे, यादी लपवली तर बोगस लाभार्थ्यांचं फावेल, प्रायव्हसी हे शहरी लोकांचं खूळ आहे, आणि गरिबाला पैसे वेळेवर मिळाले की बाकी कशाशी घेणंदेणं नसतं.

यादी लपवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. यादी लागलीच पाहिजे. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कुणी मागायच्या आधीच जाहीर करायचं. १९९४ मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावागावांत जनसुनवाया, म्हणजे लोकांसमोर उघड सुनावण्या, सुरू केल्या तेव्हा कामाची मस्टरं (हजेरीपट) लोकांसमोर मोठ्याने वाचली जायची, आणि लोक उठून सांगायचे की हा तर मेलाय, हा कामावर आलाच नव्हता. त्यातूनच माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली. पण त्या वाचनाला काय लागत होतं? नाव, गाव, कामाचे दिवस, मजुरी. बास. कुणाचा खाते नंबर वाचावा लागला नाही आणि आधार तर तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. बोगस माणूस शेजाऱ्याला नावावरून कळतो, बारा आकडी नंबरावरून शेजाऱ्याला काय कळणार?

आणि हा नंबर असा छापायला कायद्याचीच मनाई आहे. आधार कायदा २०१६, कलम २९. तरी काय होतं बघा, २०१७ मध्ये झारखंडच्या सरकारी वेबसाईटवर पेन्शनवाल्या दहा लाखांहून जास्त लोकांचे आधार नंबर उघडे पडले, त्याच वर्षी केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की केंद्र-राज्यांच्या मिळून सुमारे २१० वेबसाईटवर लाभार्थ्यांची माहिती आधार नंबरासकट दिसत होती. म्हणजे एखादाच ग्रामसेवक बेफिकीर निघाला असं नाही, वरपासून सवयच तशी लागलीय. एक्सेल शीट वरून आली की तिचे सगळे रकाने तसेच प्रिंट करायचे, कुठला रकाना कशाला हवा हे कुणी विचारतच नाही.

आता ‘गरिबाला काय फरक पडतो’ यावर. सगळ्यात जास्त फरक त्यालाच पडतो हो. गावात बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने गावात नेमलेल्या माणसाकडे, अंगठा लावून पैसे काढतात ना, तिथे ओटीपी लागत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. यातल्या दोन गोष्टी आपण भिंतीवर चिकटवल्या. राहिला ठसा, तर जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून रबराचे अंगठे बनवणाऱ्या टोळ्या आपल्या देशात पकडल्या गेल्यात. दुसरं म्हणजे फोन. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ओटीपीवाली ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सुरू झाली, त्यामुळे आता कुणाचा फोन आला की ताई तुमची केवायसी राहिलीय, अमुक बँकेत खातं आहे ना, आलेला नंबर सांगा, तर बाईला ते खरंच वाटणार, कारण समोरच्याला तिचं नाव, योजना, बँक सगळं माहीत असतं. महिन्याच्या दीड हजारावर घर चालवणारीचे पैसे असे गेले तर तिच्याकडे सायबर पोलिसांकडे खेटे घालायला गाडीभाड्याचेही पैसे नसतात.

पण माझा खरा जीव अडकलाय तो ‘कारण’ या रकान्यात, आणि त्यावर तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत कोण कोण बसतं ते आठवून बघा. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटाची केस चालू असलेल्या बायका, अत्याचार सोसलेल्या, वेश्याव्यवसायातून बाहेर काढलेल्या, तृतीयपंथी, दिव्यांग, शिवाय टीबी, कॅन्सर, कुष्ठरोग, एड्स असे आजार झालेले. आता दीडशे उंबऱ्यांच्या गावात नावापुढे यातला एक शब्द छापला की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीही गावातलेच आहात. मुलीचं लग्न मोडतं, चहाच्या टपरीवर कप वेगळा ठेवला जातो, शाळेत पोराला चिडवतात. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या बाईचा पत्ता आणि मोबाईल त्याच यादीत असतो, आणि तो फोटो त्याच्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? एचआयव्हीचं तर २०१७ च्या कायद्यानेच सांगितलंय की माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायची नाही. अशी यादी लागते हे माहीत असेल तर जिला खरंच गरज आहे ती बाई अर्जच करणार नाही, आणि मग पैसे वाचले म्हणून कुणी खूश व्हावं का?

बोगस लोकांचं म्हणाल तर लाडकी बहीणमध्येच बघा. दोन हजारांवर सरकारी कर्मचारी लाभ घेताना सापडले आणि चौदा हजारांच्या वर पुरुषांची नावं निघाली. ही नावं भिंतीवरचे आधार नंबर वाचून कुणी शोधली नाहीत, सरकारने आपल्याकडच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या तेव्हा ती निघाली. ती ताडणी ऑफिसच्या आत होते, होऊ दे. फक्त कुणाचं नाव कापायचं तर आधी तिला कळवा, तिचं म्हणणं ऐका, एवढं मात्र हवंच, कारण मशीनने जुळवलेल्या नावात खऱ्या बायकाही भरडल्या जातात.

तुमची एक भीती मात्र मला पूर्ण पटते, की उद्या प्रायव्हसीचं नाव पुढे करून अधिकारी सगळंच दाबून ठेवतील. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं, नोव्हेंबर २०२५ मध्ये ते लागूही झालं, आणि त्यात ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की नाकारायला वाट मोकळी झाली. मला हा बदल अजिबात मान्य नाही. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) अजून शाबूत आहे, तेवढ्यावर भांडावं लागेल. पण ठेकेदाराचं बिल आणि आजारी बाईचा दवाखान्यातला रिपोर्ट या दोन गोष्टी एकाच मापाने मोजायच्या नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुम्ही शेवटी विचारलंत की मग ग्रामसेवकाने नेमकं करायचं काय. नाव, वाडी किंवा वॉर्ड, योजना, किती रक्कम, कोणत्या महिन्यापर्यंत मिळाली, एवढं भिंतीवर. आजार आणि वैवाहिक स्थिती अजिबात नाही, आणि एखाद्या योजनेच्या नावातूनच आजार कळत असेल तर ते नावही नाही. आधार लागलंच तर शेवटचे चार आकडे. अर्जासोबत मास्क केलेलं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, आधार घ्यायची सोय आहे, ती वापरायची. आणि अंगणवाडीच्या सेविकांनी किंवा सेवा केंद्रात काम करणाऱ्या पोरांनी कागदांचे फोटो स्वतःच्या मोबाईलवरून ग्रुपवर पाठवायचे नाहीत, त्यांना त्यासाठी ऑफिसने सोय करून द्यायला हवी, नाहीतर त्यांच्यावर ओरडून काय उपयोग.

तुमच्या गावातली यादी एकदा बघून या. त्यात आधार नंबर किंवा आजार दिसला तर फोटो काढून कुठेही टाकू नका, त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला, पोच घ्या. अर्जाचा मजकूर हवा असेल तर इथे सांगा, मी लिहून देते.