दाराला साधी जाड काच पुरते, हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरबांधणीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: दाराला टफन (तापवून, झटकन गार करून मजबूत केलेली) काच घेऊ नका, ती आपोआप फुटते. १२ एमएमची साधी काच तिच्याहून भक्कम असते. जुन्या घरांत साध्याच काचा होत्या, कुणाला काही झालं नाही. फारच भीती वाटली तर फिल्म मारा, नाहीतर जाळीची काच घ्या. बाकी सगळा दुकानदारांचा पैसे काढायचा धंदा. मी घरांची कामं करून देतो. घरमालक आता हा मेसेज दाखवून ठरलेली काच बदलायला सांगू लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय. दोन मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, तेही सांगतो.

"१२ एमएमची साधी काच टफनपेक्षा भक्कम."

त्याच जाडीची टफन काच साध्या काचेच्या चार ते पाच पट मार सोसते. मापात कापून, भोकं पाडून झालेली साधी काच ६२० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी जोराच्या हवेने झटकन गार करतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो, आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. ताकद येते ती त्या दाबातून.

तरी दाराच्या बाबतीत ताकदीपेक्षा मोठा प्रश्न दुसराच आहे. काच कधीतरी फुटणार हे धरूनच ती निवडायची असते. साधी काच ५ एमएमची असो की १२ ची, तिची लांब, धारदार पाती होतात. जाडी वाढली की पाती जड होतात, एवढाच फरक. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर एमएम जाडीमागे अडीच किलो. सात बाय तीन फुटांचं दार १२ एमएममध्ये ५८ किलोच्या आसपास भरतं. पळत येऊन धडकलेलं पोर खाली पडतं आणि हे वजन धारेसकट वरून येतं. हात आरपार गेला तर माणूस दचकून तो मागे ओढतो, आणि त्या ओढण्यात मनगटाच्या शिरा आणि स्नायूबंध कापले जातात. टफन काच फुटते तेव्हा तिचे बोथट कडांचे बारीक दाणे होतात. किरकोळ कापतं, दाणे डोळ्यांतही जाऊ शकतात, पण जिवावर बेतण्याची शक्यता फार कमी.

हा गैरसमज कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. कापडाच्या मोठ्या दुकानांची चौकट नसलेली, जाडजूड काचेची दारं आपण सगळे बघतो आणि ती टिकतात ती जाडीमुळे असं वाटतं. ती दारं १० किंवा १२ एमएमच्या टफन काचेचीच असतात. चौकट नसल्याने काच कोपऱ्यांत धातूच्या पकडींनी धरतात, त्या पॅच फिटिंगसाठी काचेला खाचा आणि भोकं लागतात. साध्या काचेत त्या कोपऱ्यांपासूनच तडा सुरू होईल.

"टफन काच आपोआप फुटते."

हा मुद्दा अर्धा खरा आहे. काच बनवताना तिच्यात कधी निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण अडकतो. झटकन गार केल्यामुळे तो आपल्या गरम अवस्थेतल्या रूपातच थिजतो, पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू रूप बदलतो आणि थोडा फुगतो. कण आतल्या ताणलेल्या भागात असला तर अख्खी काच एका क्षणात दाण्यांत मोडते, कुणी हात लावलेला नसतानाही. हे क्वचित घडतं, पण घडतं. त्यावर उपायही आहे. तयार काच भट्टीत पुन्हा २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान काही तास ठेवतात, म्हणजे सदोष काच बहुधा कारखान्यातच फुटून जाते. याला हीट सोक टेस्ट म्हणतात आणि ऑर्डर देताना ती मागता येते.

पण "आपोआप" म्हणून सांगितलेल्या फुटण्यामागे बऱ्याचदा बसवणाराची घाई असते. टफन काचेचा कमकुवत भाग म्हणजे कडा आणि कोपरे. काच उतरवताना कोपरा फरशीवर टेकवला, चौकटीत खाली रबराचे ठोकळे न देता थेट ॲल्युमिनियमवर ठेवली, गॅस्केटशिवाय (मधल्या मऊ पट्टीशिवाय) स्क्रू आवळला, की ती इजा घेऊनच दारात उभी राहते. मग आषाढात खानापूरकडचा वारा सुटतो, दार आपटतं आणि दोष काचेला लागतो.

उन्हाचं म्हणाल तर उलटंच आहे. पश्चिमेच्या दारावर अर्धं ऊन आणि अर्धी पडवीची सावली पडली की साधी काच तापमानाच्या फरकानेच तडकू शकते. टफन काच कितीतरी जास्त फरक सोसते.

"जुन्या घरांत साध्याच काचा होत्या."

होत्या, पण कुठे? शहापूर-वडगावातली किंवा खेड्यातली जुनी घरं आठवा. दाराला खालपासून वरपर्यंत लाकडी फळ्या, आणि काच असलीच तर चौकटीच्या वरच्या झरोक्यात, नाहीतर खिडकीच्या लाकडी पट्ट्यांत बसवलेले वीतभर तुकडे. तिथे कुणाचं डोकं किंवा गुडघा पोचत नव्हता. आता हॉलपासून गॅलरीपर्यंत जमिनीला टेकलेली सलग काच लावतात, आणि गणपतीत घर भरलं की पोरं तिथूनच धावतात. ब्रिटनमध्ये दारातली आणि दाराला लागून ३०० एमएमपर्यंतची काच जमिनीपासून १५०० एमएम उंचीच्या आत असेल तर धोक्याची जागा मानतात. अमेरिकेत दारांना सेफ्टी ग्लासची, म्हणजे फुटली तरी गंभीर इजा होऊ नये अशा काचेची, सक्ती १९७७ पासून आहे. आपल्याकडे माणूस धडकण्याच्या धोक्यासाठी आयएस (भारतीय मानक) १६२३१ चा भाग ४ आहे आणि काचेसाठी आयएस २५५३. दाराशेजारची अचल काच आपण विसरतो. अंधारात माणूस दार समजून तिच्यावरच जातो.

"फिल्म मारा."

यातही तथ्य आहे, पण कुठली फिल्म ते मेसेजमध्ये नाही. दुधी दिसण्यासाठी लावतात ती शोभेची फिल्म तुकडे धरून ठेवील यावर विसंबू नका. सेफ्टी फिल्म जाड असते आणि काचेच्या कडेपर्यंत नीट चिकटवावी लागते. जुनं दार आहे, भाड्याचं घर आहे, काच बदलणं शक्य नाही, तर ती जरूर लावा. नव्या दाराला आधी साधी काच घेऊन वर फिल्म मारणं मला पटत नाही.

"जाळीची काच घ्या."

मुळीच नको. आतली तार आगीत काच जागेवर धरून ठेवण्यासाठी असते. धडकेला ती तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेहून कमजोर ठरते, आणि हात आत गेला की तुटलेल्या तारा वेगळ्या ओरबाडतात.

"सगळा दुकानदारांचा धंदा."

टफन महाग पडते हे खरं, पण तिथे पैसे वाचवायला जागा आहे. चौकटीतल्या दाराला ५ किंवा ६ एमएम टफन बहुधा पुरते. १२ एमएम घ्यायचं कारणच नाही. जिथे काच फुटली तरी जागेवर राहायला हवी, म्हणजे वरच्या मजल्याची गॅलरी किंवा चोरीची भीती असलेलं पुढचं दार, तिथे लॅमिनेटेड घ्या. दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ थर असतो, तुकडे त्यालाच चिकटून राहतात. मोटारीची पुढची काच लॅमिनेटेड असते ती याचसाठी. घरात रांगतं बाळ असेल तर दाराच्या खालच्या भागालाही मी लॅमिनेटेडच सुचवतो.

खरं नुकसान होतं ते मापात. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासून कमी करता येत नाही. म्हणून गिलावा आणि फरशी पूर्ण झाल्यावरच माप द्या, आणि कुलूप, कडी, हँडल कुठे येणार ते आधी ठरवा.

सेफ्टी ग्लासला आयएसआय मार्क सक्तीचा करणारा केंद्राचा आदेश २०२० चा आहे. त्यामुळे काच आली की "अण्णा, कोपऱ्यातला शिक्का दाखवा" म्हणायला संकोच करू नका. तो काचेवर पक्का उठवलेला असतो, नखाने खरवडून जात नाही. कागदी स्टिकर म्हणजे शिक्का नव्हे. पोलराइज्ड गॉगल लावून तिरकं पाहिलं तर टफन काचेत करडे पट्टे किंवा ठिपके दिसतात, पण तो अंदाज, पुरावा शिक्क्याचाच. शिक्का नसेल तर काच टेम्पोतून उतरवूच देऊ नका आणि पुढचे पैसे थांबवा.