सात द्या, मोकळे व्हा

मोबाइल गेमचा समीक्षक व्हायचं ठरवलंत, बरं केलंत. घरी अजून सांगितलं नसेल तर सांगायची घाई करू नका. या धंद्यात मी बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा एक भ्रम आत्ताच दूर करतो. इथे खेळता यावं लागत नाही. खेळायची सवय असलीच तर ती हळूहळू मोडा. खेळत बसणाऱ्याचा मजकूर वेळेवर येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे खेळता खेळता त्याचं मत बदलतं.

सुरुवात गुणांपासून करा. आधी आकडा ठरवायचा, मजकूर मागाहून त्याच्या मापाने बेतता येतो. वाचकाला वाटतं तुमच्याकडे दहा आकडे आहेत. तुमच्याकडे चारच आहेत. सहा म्हणजे गेम तुमच्या फोनवर चालला नाही. सात म्हणजे चालला, पण तुम्ही खेळला नाहीत. आठ म्हणजे तुम्ही खेळला नाहीत, पण बाकीच्यांनी आठ दिल्याचं कानावर आलं. नऊ अशा गेमसाठी, जो आवडला नाही असं म्हणायची आता सोय उरलेली नाही. सहाच्या खालचे आकडे नुसते मोजपट्टी लांब दिसावी म्हणून असतात. अडलात की सात द्या, मोकळे व्हा. सातवर कोणी भांडायला येत नाही. कंपनीला ते सौजन्य वाटतं आणि वाचकाला प्रामाणिकपणा.

दशांश वापरणार असाल तर मात्र जपून. २०१४ मध्ये निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘पोकेमॉन ओमेगा रुबी’ आणि ‘अल्फा सफायर’ हे गेम आले. आयजीएन या गेमसमीक्षेच्या संकेतस्थळाने त्यांना दहापैकी ७.८ गुण दिले आणि उणिवांच्या यादीत लिहिलं, ‘खूप जास्त पाणी’. झालं! आज इतकी वर्षं झाली तरी लोक त्यावर हसताहेत. गंमत अशी की तक्रार खोटी नव्हती. त्या गेमचा बराच भाग समुद्रात आहे, आणि पाण्यावरून जाताना पुन्हापुन्हा तेच दोन-तीन प्राणी आडवे येतात. समीक्षा करणाऱ्याने गेम खेळून, त्यातली एक नेमकी गोष्ट पकडून, ती दोन-तीन शब्दांत सांगितली होती. इतकं नेमकं बोललं की माणूस फसणारच. त्याऐवजी ‘मधल्या टप्प्यात गेम किंचित एकसुरी वाटतो’ असं लिहिलं असतं, तर कुणाच्या खिजगणतीतही नसतं. हे वाक्य लिहून ठेवा. ते कुठल्याही गेमला चालतं.

जपानच्या ‘फामित्सू’ मासिकाची पद्धत याहून सुरक्षित. तिथे चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी करतात. म्हणजे दोष चौघांत वाटला जातो. २००५ मध्ये त्यांनी निन्टेन्डो डीएसवरच्या ‘निन्टेन्डॉग्स’ला चाळीसपैकी चाळीस दिले. कुत्र्याची पिल्लं पाळायचा गेम होता. आता तुम्हीच सांगा, शेजारच्या तिघांनी पिल्लाला दहा-दहा दिल्यावर नऊ लिहायला कोणाचा हात धजेल?

आणि आकड्याचं ओझं मनावर घेऊ नका. ‘फॉलआउट न्यू व्हेगस’ बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर, शंभरपैकी ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. म्हणजे कुठेतरी एखाद्याने, बहुधा जेवायला उशीर होतोय म्हणून, नऊच्या जागी आठ लिहून टाकले असणार. तो गेम मोबाइलसारखा हातात मावणारा नव्हता, हे मान्य. पण अंगठा तोच असतो.

आता वेळेचं गणित. फुकट मिळणाऱ्या गेमची समीक्षा पहिल्या तीन तासांत उरकायची, हा या व्यवसायाचा कणा आहे. त्या तीन तासांत गेम तुम्हाला जावयासारखा वागवतो. पेट्या फुटतात, हिरे उधळले जातात, प्रत्येक टॅपला फटाके. खेळत राहायला लागणारी एनर्जी संपायच्या आत भरते. बारा-चौदा लेव्हल अशा निघून जातात की आपण फार हुशार आहोत असं वाटू लागतं, आणि हुशार वाटणारा माणूस आठ देतो. हे गेम बनवणाऱ्याला तुमच्याआधी माहीत असतं.

त्यातून कंपनी मोठी असेल तर तुम्हाला तेवढेही कष्ट पडू देत नाही. एकदा मला एका कंपनीने (नाव सांगत नाही, अजून कामं येतात) समीक्षेसाठी तयार अकाउंट पाठवलं. त्यात पन्नास हजार हिरे, म्हणजे एरवी खरे पैसे मोजून घ्यायचं गेममधलं चलन. राज्य उभारायचा गेम होता. रात्री साडेअकराला उघडला, सकाळी नऊला मजकूर द्यायचा होता. तंबू बांधायला टाकला, शेजारी हिरव्या बटणावर ‘लगेच पूर्ण करा’ आलं, दाबलं, पूर्ण झाला. भिंत, दाबलं, पूर्ण. सैन्य, दाबलं. दीडच्या सुमारास माझ्याकडे किल्ला होता, आणि मी लिहिलं, ‘खिशातला एक पैसाही न खर्चता या गेमचा पुरेपूर आनंद घेता येतो.’ शब्द न शब्द खरा होता. माझ्या खिशातून काही गेलं नव्हतं.

महिनाभराने भाची घरी आली. वय वर्षं अकरा. माझी समीक्षा वाचून तिने तो गेम घेतला होता, हा माझ्या आयुष्यातला वाचकाशी आलेला पहिला प्रत्यक्ष संबंध.

‘‘मामा, तू कितव्या लेव्हलपर्यंत गेलास रे?’’

‘‘चौदाव्या.’’

‘‘अरे, मग तुला गेम माहीतच नाही! तो अठराव्याला सुरू होतो.’’

तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक अर्धवट तंबू. त्याच्यासमोर पिवळी टोपी घातलेला एक माणूस एकाच फळीवर हातोडा मारत होता. फळी जागची हलत नव्हती, खिळा आत जात नव्हता. वर घड्याळ, २ दिवस ४ तास. खाली तेच हिरवं बटण, आणि बटणावर हिऱ्यांचा असा आकडा की तिच्याकडच्या सगळ्या हिऱ्यांतून तंबूची दोरी आली असती.

‘‘हा मंगळवारपासून ठोकतोय,’’ ती म्हणाली. ‘‘तू लिहिलंयस, गेमला वेग आहे.’’

मी तिला समजावलं की वेग सापेक्ष असतो. तुम्हीही वाचकाला हेच समजवा.

असल्या प्रसंगातून बाहेर कसं पडायचं याचा वस्तुपाठ २०१४ मध्ये फोनवर आलेल्या ‘डंजन कीपर’ने घालून दिलेला आहे. त्यात जमीन खणायची असते, आणि काही दगड फुटायला चोवीस तास लागायचे. अर्थात पैसे भरले की लगेच. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएसए या संस्थेने त्याची ‘फुकट’ ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. पण शिकण्यासारखी गोष्ट ती नव्हेच. अँड्रॉइडवर हा गेम खेळणाऱ्याला विचारायचा, किती तारे देता? बटणं दोन. एकावर ‘पाच तारे’, दुसऱ्यावर ‘एक ते चार’. पाच दाबलं की थेट गूगल प्लेच्या पानावर. एक ते चार दाबलं की तुमचा अभिप्राय कंपनीकडे, खासगीत. समीक्षकाचं काम इतक्या स्वच्छपणे आजवर कोणी केलेलं नाही. आपण हेच करतो, फक्त सहाशे शब्द जास्त वापरून.

शब्दांवरून आठवलं. ‘फुकट’ हा शब्द भरपूर वापरा. २०१४ च्या नोव्हेंबरात ॲपलनेदेखील आपल्या ॲप स्टोअरमधल्या फुकटच्या ॲपच्या बटणावरचं ‘फ्री’ काढून ‘गेट’ केलं. दुकानदाराला लाज वाटली म्हणून समीक्षकाने लाजायचं कारण नाही. ‘शिकायला सोपा, मुरायला अवघड’ हे प्रत्येक गेमला. ‘कन्सोलच्या तोडीचा’ हे ज्या गेमने फोन तापतो त्याला. पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना ‘अनपेक्षिततेची मजा’ म्हणा. बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांना जुगार म्हटलं, पण बेल्जियमला कुठे डेडलाइन असते? हा विषय वयाच्या शिक्क्यावर ढकलून देता आला तर उत्तम. युरोपातल्या पेगी या संस्थेने ‘बलात्रो’ या गेमला २०२४ मध्ये १८ चा शिक्का मारला, कारण त्यात पत्ते आणि पोकरचे डाव दिसतात. त्यात पैसे लावता येत नाहीत, गेम विकत घेतल्यावर आत काही विकायलाही ठेवलेलं नाही. त्याच वेळी खऱ्या पैशांत खेळाडूंची बंद पाकिटं विकणाऱ्या फुटबॉलच्या एका बड्या गेमवर ३ चा शिक्का होता. पुढच्या वर्षी बलात्रोचा १८ चा १२ झाला. तोवर समीक्षकाने काय म्हणायचं? ‘पालकांनी आपापल्या विवेकाने ठरवावं.’

पण आपल्या पोतडीतला सर्वांत मौल्यवान शब्द म्हणजे ‘व्यसन’. ‘हा गेम अक्षरशः व्यसन लावतो’ ही आपल्याकडे स्तुती आहे. खोकल्याच्या औषधावर असं लिहिलं तर ते बाजारातून उठेल. गेमवर लिहिलं की कंपनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत जाहिरातीत छापते. याला एकच अपवाद घडला. व्हिएतनामच्या डाँग न्यूयेनने ‘फ्लॅपी बर्ड’ बनवला, तो २०१४ च्या सुरुवातीला जगभर पसरला, जाहिरातींतून रोजचे पन्नास हजार डॉलर मिळत असल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याने फेब्रुवारीत स्वतःच्या हाताने तो काढून टाकला. कारण काय, तर लोकांना त्याचं व्यसन लागलं! या माणसाने आपली स्तुती शब्दशः घेतली. असे लोक धंद्यात वाढले तर आपल्याला लिहायला विशेषणं उरायची नाहीत.

संपणाऱ्या गेमचे गुण कापायला विसरू नका. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ दोनेक तासांत संपतो. एकदाच पैसे घेतो, मग वाटेत कुठे हात पसरत नाही, घड्याळ दाखवत नाही, उद्या परत या म्हणून गळ्यात पडत नाही. अशा गेमबद्दल ‘किमतीच्या मानाने आयुष्य कमी’ असं लिहायचं. पुढे त्यात नवे टप्पे आले आणि त्यांचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा लोकांनी एकेक तारा देऊन राग काढला. वाचकही आता आपल्यासारखा विचार करू लागला आहे, हे बघून ऊर भरून येतो. तसा हा गेम मी पूर्ण खेळलेल्या मोजक्या गेमपैकी एक. कोणाला सांगू नका.

हँडहेल्ड यंत्रांचं काम त्यामानाने सोपं. यंत्र हातात घेऊ नका, त्याच्या वैशिष्ट्यांचा तक्ता घ्या. तक्त्यावर १९८९ चा गेम बॉय केव्हाच हरलेला होता. हिरवट पडदा, रंग नाही, मागून उजेड नाही. समोर अटारीचा लिंक्स आणि पाठोपाठ सेगाचा गेम गिअर, दोन्ही रंगीत, दोन्ही उजळ. फक्त ते सहा सेल काही तासांत खाऊन टाकायचे आणि गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा, पण तक्त्यात उजेडाचा रकाना वर असतो आणि सेलचा खाली. लोकांनी गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून जास्त घेतले. लोकांचं लोकांपाशी. उलट २००३ चा नोकियाचा एन-गेज घ्या. गेम आणि फोन एकात, तक्ता बघून तोंडाला पाणी सुटावं. गेम बदलायला आधी बॅटरी काढावी लागते आणि फोनवर बोलायचं तर यंत्राची कड कानाला लावावी लागते, या गोष्टी ज्याने तो हातात घेतला त्यालाच कळल्या. म्हणून म्हणतो, घेऊ नका.

राहता राहिली ‘खेळलेच पाहिजेत असे २५ गेम’ ही यादी. मागच्या वर्षीची काढा, वरचे तीन खाली घाला. त्यातले काही आता चालतही नसतील. २०१७ मध्ये आयफोनची आयओएस ११ ही नवी प्रणाली आली आणि जुने ३२-बिट गेम एका रात्रीत उघडेनासे झाले. माझ्या एका यादीत असे चार पुढे दोन वर्षं ‘अजूनही तितकेच ताजे’ होते. एकाही वाचकाने कळवलं नाही. आपली यादी वाचून कोणी काही खेळत नाही, याहून मोठा दिलासा या धंद्यात नाही.

भाचीचा अपवाद. तिचा मागच्या आठवड्यात फोन आला.

‘‘मामा, तुझं ते हिऱ्यांचं अकाउंट अजून चालू आहे का?’’

आहे, म्हटलं. सदतीस हजार शिल्लक आहेत.

‘‘मग मला पासवर्ड पाठव ना. माझं राज्य गेलं खड्ड्यात. तुझं मी शेवटपर्यंत नेते, वर तुला समीक्षापण लिहून देते.’’ पलीकडे थोडं थांबून म्हणाली, ‘‘सातच द्यायचे ना?’’