‘फुल इन्शुरन्स’ हा शब्द कोणी काढला?

आज सकाळी आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा गाडीच्या विम्याचे कागद घेऊन खाली आला आणि ‘ताई, यात काही होतंय का बघता का?’ असे म्हणून समोर बसला. त्याची गाडी चौदा महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापुढे ती दुभाजकावर आदळली, शेजारी बसलेल्या मित्राचे मनगट मोडले, शोरूमने दुरुस्तीचा अंदाज १ लाख ४० हजारांचा दिला आणि काल विमा कंपनीने कळवले की यातला एक रुपयाही मिळणार नाही. गाडी घेताना त्याला सांगितले होते, ‘विमा तीन वर्षांचा आहे, फुल इन्शुरन्स आहे, निर्धास्त राहा.’ तो निर्धास्त राहिला, एवढाच त्याचा गुन्हा.

तीन वर्षांचा विमा होता, हे खोटे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा, विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेक वेळा त्याच कागदावर एका वर्षाचाच असतो आणि तो दरवर्षी वेगळा वाढवावा लागतो. या मुलाचा तो भाग दोन महिन्यांपूर्वी संपला होता. आणि मित्राचे मनगट? नुसत्या तृतीय पक्षाच्या विम्यात खासगी गाडीत आपल्या शेजारी बसलेला माणूस ‘तिसरा’ धरला जात नाही, कारण तो धोका त्या विम्यात आपोआप येत नाही. न्यायालयांनी हे पूर्वीच सांगितले आहे, पण शोरूममध्ये हार घालून, पेढा भरवून किल्ली हातात देताना हे कोणी सांगितल्याचे तुमच्यापैकी कोणाला आठवते का?

मला राग येतो तो यासाठी, की हे सगळे मी बाबांच्या वेळी पाहिलेले आहे.

बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी ते माझी गाडी घेऊन साताऱ्याला निघाले असताना शिरवळच्या पुढे भाजीच्या एका टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि आमची गाडी मागून त्याच्यावर गेली. टेम्पोला ओरखडा आला आणि आमच्या गाडीचे अख्खे तोंड गेले. बाबांना काही झाले नाही. त्यांनी मला फोन केला तो ‘फुल इन्शुरन्स आहे ना आपला?’ हे विचारायला, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘हो’ म्हणाले.

पंधरा दिवसांनी गाडी घ्यायला गेलो, तेव्हा बिल ७७,४०० रुपयांचे होते आणि कंपनीने दिले होते ५६,०००. बाबांनी काउंटरवरच चष्मा लावला, खिशातले पेन काढले आणि सर्व्हेअरच्या, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान मोजणाऱ्याच्या, कागदावरची एकेक ओळ ते तपासू लागले. बंपर, जाळी आणि दिवे मिळून प्लास्टिकचे २६,०००, त्यातले निम्मे कापले, कारण गाडी कितीही नवी असली तरी प्लास्टिक आणि रबराला ५० टक्के घसारा, म्हणजे सुटा भाग जुना झाला म्हणून किमतीत होणारी कपात, लागतो. बॉनेट आणि मडगार्डच्या पत्र्याचे १६,०००, त्यातले चार हजार कापले, कारण गाडीला साडेतीन वर्षे झाली होती आणि त्या वयाला धातूचा घसारा २५ टक्के असतो. पुढची काच पूर्ण मिळाली, मजुरीचे १४,००० पूर्ण मिळाले. रंगाच्या १२,००० मधून दीड हजार गेले, कूलंट आणि ऑइलचे १,९०० कोणी दिलेच नाहीत, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात आपल्याला सोसावे लागणारे हजार रुपये शेवटी होतेच. बाबांनी काउंटरवरच्या पोराला अत्यंत सभ्यपणे विचारले, ‘म्हणजे बंपर आम्ही अर्धाच उतरवला होता का?’ त्या पोराला हसू आले. मला त्या हसण्याचा आजही राग आहे.

मी म्हटले, तक्रार करू; पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. बाबांनी सगळी वजाबाकी पुन्हा एकदा केली आणि म्हणाले, ‘कशाची तक्रार करणार? हिशेब बरोबर आहे.’

हिशेब बरोबर असतो, हेच तर माझे दुखणे आहे. सगळे कुठेतरी छापलेले असते, आणि ज्याच्या तोंडून ‘फुल’ हा शब्द निघतो त्याची सही त्या कागदावर कुठेच नसते. आपल्याकडे मासळी घेतानासुद्धा माणूस कल्ला उघडून बघतो, आणि आठ-दहा लाखांच्या वस्तूचा विमा मात्र एका शब्दावर घेतो. ज्या विक्रेत्याला घसारा म्हणजे काय हे एका वाक्यात सांगता येत नाही, त्याला विमा विकायला बसवतात कशाला? आपण वाचत नाही, हेही खरे आहे, तेवढे मी मान्य करते.

पण त्या बिलापेक्षा मला जास्त छळते ती वेगळीच गोष्ट. पॉलिसीत ‘वैयक्तिक अपघात, १५ लाख’ असे लिहिलेले असते, ते मी कित्येक वेळा वाचले होते आणि गाडी चालवणाऱ्याला काही झाले तर ते मिळतात, अशी माझी समजूत होती. ते संरक्षण गाडी चालवणाऱ्या कोणालाही नसते, फक्त नोंदणीकृत मालकाला असते. गाडी माझ्या नावावर होती आणि चालवत होते बाबा. भाजीच्या टेम्पोऐवजी तिथे लोखंडी सळया भरलेला ट्रक असता, तर त्या ओळीचा आईला काही उपयोग नव्हता. हे मला कळले तेव्हा गाडी दुरुस्त होऊन घरी आलेली होती, आणि मी पार्किंगमध्ये बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आणि आता इतके लिहिलेच आहे तर तेही लिहिते. त्या वर्षी विम्याचे नूतनीकरण मीच मोबाइलवर केले होते, आणि ‘झिरो डेप’च्या, म्हणजे घसारा कापू न देणाऱ्या जादा संरक्षणाच्या, चौकोनातली खूण काढली की हप्ता ३,१०० रुपयांनी कमी होतो हे पाहून ती मीच काढली होती. ती असती तर घसाऱ्याचे १८,५०० रुपये परत मिळाले असते. बाबांनी काउंटरवर २१,४०० रुपये स्वतःच्या कार्डाने भरले आणि विमा कोणी, कसा घेतला होता, हे मला तेव्हाही विचारले नाही, नंतरही नाही. त्यांना माहीत असणार, लेखा विभागातला माणूस आहे.

आज त्या मुलासमोर मी त्याचा कागद टेबलावर ठेवला आणि एकाखाली एक छापलेल्या दोन तारखांवर पेनाने रेघ ओढली. त्याने त्या दोनदा वाचल्या आणि म्हणाला, ‘ताई, मी फक्त खालची बघितली होती.’ मग त्याने विचारले की मित्राच्या आईला हे कसे सांगायचे. चहा केव्हाच निवला होता. मी तो ओतून दुसरा ठेवला आणि त्याला बाबांच्या बिलाची फाइल काढून दाखवली. खूण मीच काढली होती, हेही त्याला सांगितले. बाबांना अजून सांगितलेले नाही.