2018 ची भीती लेखात का नाही?

पायाची अरुंद झालेली धमनी उघडणाऱ्या, औषध लावलेल्या फुग्यावरचा तुमचा लेख आवडला, पण 2018 च्या गोंधळावर एक ओळही नाही. पायाच्या धमन्यांत पॅक्लिटॅक्सेल (फुग्यावर लावतात ते औषध) वापरल्यानं मृत्यू वाढतात, असं तेव्हा एका विश्लेषणातून पुढे आलं होतं. 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषध नियामक संस्थेनं) पुराव्यातून तसं दिसत नाही म्हणून सांगितलं. आमच्या घरी याच बातमीवरून महिनाभर वाद चालला!

इथे इंदूरला बाबा राजवाड्याहून सराफ्यापर्यंतच्या इतक्याशा अंतरात दोनदा पोटरी धरून थांबायचे. आम्हाला वाटायचं, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) वासानं थांबतात. घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर निघालं 0.6; 0.9 च्या खाली आलं की धमनी अरुंद असल्याचा संशय. अशा धमनीत हा फुगा काही मिनिटंच फुगवतात, औषध भिंतीत उरतं, जाळी (स्टेंट) आत राहत नाही. बाबांची विडी मात्र अजून सुटलेली नाही.