सोवेटोची मुलं मातृभाषेसाठी मेली नाहीत

जून उजाडला की हा मजकूर ग्रुपवर फिरायला लागतो: ‘१६ जून १९७६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत मुलांनी मातृभाषेतून शिक्षणासाठी अचानक उठाव केला. हेक्टर पीटरसन पहिला हुतात्मा ठरला. म्हणून युनोने हा दिवस जाहीर केला.’ तारीख आणि गाव बरोबर आहे. बाकीचं तपासून घ्यावं लागतं.

आधी मातृभाषेचं. मुलांना नको होती ती आफ्रिकान्स, सत्ताधारी गोऱ्यांची भाषा. १९७४ च्या फर्मानाने गणित आणि सामाजिक शास्त्रं तीतून शिकवायची सक्ती झाली. कित्येक शिक्षकांनाच ती धड येत नव्हती! पण त्याऐवजी मुलांनी झुलू किंवा सोथो या आपल्या मातृभाषा मागितल्या नाहीत. त्यांना इंग्रजी हवी होती. मातृभाषेचा आग्रह होता तो सरकारचा. १९५३ च्या बांटू (म्हणजे काळ्यांच्या) शिक्षण कायद्यानंतर प्राथमिक वर्गांत ती लादली गेली, कारण काळा समाज जमातीजमातींत विभागलेला राहायला हवा होता आणि पोरांनी मजुरीपलीकडे पाहू नये असा हिशेब होता. मराठी माध्यमाची बाजू मीही हिरिरीने घेतो, पण त्यासाठी हुतात्मे उसने आणायची गरज नाही.

‘अचानक’ तर मुळीच नाही. सोवेटोतल्याच ऑर्लँडो वेस्टमधल्या शाळेत मे महिन्यातच वर्गांवर बहिष्कार सुरू झाला होता. १३ जूनच्या बैठकीत कृती समिती नेमली गेली, मॉरिस आयझॅकसन शाळेचा त्सिएत्सी मशिनिनी पुढे झाला, आणि मोर्चा ऑर्लँडो स्टेडियमवर न्यायचं ठरलं. बहुतेक आईबापांना याचा पत्ताही नव्हता.

मोर्च्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या तेव्हा हेक्टर बारा वर्षांचा होता. त्याच्याआधी पंधरा वर्षांच्या हेस्टिंग्ज एन्डलोव्हूला गोळी लागली, असं आता मानलं जातं. जगाला माहीत झाला तो हेक्टर, सॅम न्झिमाच्या फोटोमुळे: डंगरी घातलेला म्बुयिसा माखुबो त्याला दोन्ही हातांवर घेऊन धावतोय, शेजारी गणवेशातली हेक्टरची बहीण आंतोनेत, हात वर केलेला. या एका फोटोपायी पोलिसांनी न्झिमाला इतकं छळलं की त्याने पत्रकारिता सोडली. माखुबो देशाबाहेर पळाला आणि पुढे बेपत्ताच झाला.

राहिला युनो. १६ जून हा ‘आफ्रिकी बालक दिन’ १९९१ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेने ठरवला. युनोचा वंशभेदविरोधी दिवस २१ मार्चचा, आणि तो शार्पव्हिलचा आहे. १९६० साली तिथे काळ्यांना कायम पास बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या ६९ जणांना पोलिसांनी गोळ्या घालून मारलं होतं.