पगार आणि चांगलं दिसणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

लॉकडाऊनमधल्या शाळेबद्दल मी लिहिलेल्या लेखावर एका वाचकांची ही प्रतिक्रिया आली : "मॅडम, पगार चालू असला की लॉकडाऊनमध्येही चांगलंच दिसते. गावात रेंज नाही, लाइन नाही, फोन बापाच्या खिशात. पोरं कापूस वेचायला गेली, वाचणं विसरली. अन् तुम्ही म्हणता शाळा घराघरांत गेली!"

भाऊ, मत वेगळं असू शकतं, पण ते मांडायला समोरच्याचा पगार काढावा लागतो का? तुम्ही मला ओळखत नाही, माझं गाव तुम्हाला माहीत नाही. तरी पहिल्याच वाक्यात माझी नियत ठरवून मोकळे झालात.

आता काढलाच आहे तर सांगते. माझे वडील दुसऱ्याच्या वावरात सालदार होते, आई निंदायला जायची. वरच्या वर्गातल्या मुलीची पुस्तकं अर्ध्या किमतीत घेऊन मी शिकले. घरात शिकवणारं कोणी नसलं की पोर कसं अडतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. आणि लॉकडाऊनमध्ये आम्ही शिक्षक घरी बसून पगार मोजत नव्हतो. कोणी चेकपोस्टवर होतं, कोणी रेशन दुकानावर. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं सर्वेक्षण आलं, तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन मी दारोदार फिरले. लेखात लिहिलं ते त्या दारांतून पाहिलेलं होतं. पगार घेणाऱ्या बाईने पाहिलं म्हणून ते खोटं ठरतं का?

आणि मी मोबाईलचं कौतुक केलंच नव्हतं. कौतुक होतं ते माणसांचं. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीत शेजारची पोरं गोळा व्हायची. भाकरी थापता थापता आयाही ऐकायच्या आणि मग पोरांना प्रश्न विचारायच्या. आठवीतल्या पोरी ओट्यावर दुसरी-तिसरीतल्यांना घेऊन बसायच्या. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी धडा वाचून व्हॉट्सॲपवर पाठवायची, मागे कोंबड्यांचा कलकलाट, आणि वाचून झालं की धड्यात काय आहे ते स्वच्छ वऱ्हाडीत सांगायची. तिच्या उच्चारांना हसायला तिथे कोणी नव्हतं. मी तिला वर्गात इतकी वर्षं शिकवूनही तिचा आवाज असा ऐकला नव्हता.

फोन बापाच्या खिशात होता, हे तुमचं बरोबरच आहे. म्हणून तर आम्ही अभ्यास रात्री पाठवायचो, बाप वावरातून आल्यावर. फोन त्याचा, म्हणून तोही शेजारी बसायचा. आपलं पोरगं काय शिकतं हे कित्येक बापांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तुम्हाला जिथे फक्त अडचण दिसली, तिथे मला हे दिसलं, आणि ते लिहिण्याचा मला हक्क आहे.

लाइन जायची आणि कार्यक्रम अर्ध्यावर तुटायचा, हे लेखात यायला हवं होतं. तेवढं मान्य करते.

राहिलं वाचन विसरण्याचं. मुलांना वाचन-गणित किती येतं हे पाहणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचे आकडे मलाही माहीत आहेत. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, माझ्या लेखाचा नव्हता. आणि वेचणीला पोरं कोरोनाच्या आधीही जात होती. त्याचा जाब मला कशाला विचारता?

ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. तोवर या लहानग्यांना जे काही मिळालं, ते ओसरीत, ओट्यावर, आईबापांनी आणि मोठ्या बहिणींनी दिलं. "चांगलंच दिसते" म्हणून तुम्ही टोमणा मला मारलात, पण तो लागतो त्यांच्या मेहनतीला, आणि मला राग आला आहे तो त्याचा.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. आणि लेख शेवटपर्यंत वाचून लिहा. ओट्यावरच्या वर्गाचा परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही.