हार्डकव्हर घेताना आधी दोरा बघा

परवा भाच्याचा फोन आला, मावशी मला वाढदिवसाला टोल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज हवंय, ते एका खंडातलं जाडजूड, सोनेरी कडांचं, बॉक्समधलं. म्हटलं देते, पण ते नाही, तीन सुटे खंड देते. पोरगं हिरमुसलं. म्हणून आज सविस्तर लिहितेय, कारण ही चूक मी केलेली आहे आणि त्याने करू नये असं मनापासून वाटतं.

काही वर्षांपूर्वी मी तसलंच एक ऑनलाइन मागवलं, फोटो बघून. कपाटात काय दिसायचं! पण रात्री पडून वाचायला घेतलं की दहा मिनिटांत मनगट भरून यायचं, आणि आतल्या बाजूच्या ओळी पाठीच्या खाचेत गेलेल्या, त्या वाचायला पुस्तक दाबून धरायचं. दुसऱ्या वाचनात मोरियाच्या, म्हणजे गोष्टीतल्या भूमिगत खाणींच्या, आसपास कडकन आवाज झाला आणि पानांचा गठ्ठाच हातात आला. नारायण पेठेत एका बाइंडरकाकांकडे नेलं. त्यांनी पाठ वाकवून बघितली आणि म्हणाले, ताई, यात दोराच नाही, नुसता गोंद आहे. फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, घडी करून शिवलेले असतील तर जुनी पाठ काढून पुस्तक परत बांधता येतं, इथे घड्याच कापून सुटी पानं चिकटवलेली. आता कडेने टाके मारले तर उरलासुरला समासही जाणार. एवढ्या महागाच्या पुस्तकाला पुठ्ठा तेवढा भारी, याचा मला अजूनही राग येतो.

तेव्हापासून दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी वरून पाठीकडे बघते. पानांचे छोटे छोटे जुडगे गोल वळलेले दिसले आणि एखाद्या जुडग्याच्या मधोमध उघडल्यावर दोरा दिसला तर ते शिवलेलं. पाठीच्या टोकाला रंगीत पट्टी असते तिच्यावर जाऊ नका, ती बहुतेक वेळा नुसती चिकटवलेली असते, गोंदवाल्या पुस्तकालाही लावतात. मग पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवायचं आणि हात काढायचा, आपोआप मिटलं तर मांडीवर घेऊन वाचताना रोज झटापट होणार. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाठीला समांतर हवा, आडवा असला की पानं ताठ उभी राहतात आणि आपल्याकडे जुलैत हवा दमट झाली की पाठीपाशी लाटा येतात.

आता भाच्याचा मुद्दा, की टोल्किनला ते एकच पुस्तक म्हणून हवं होतं. बरोबर आहे. 1954-55 मध्ये तीन खंड झाले ते युद्धानंतर कागद महाग होता म्हणून, गोष्ट तीन भागांची आहे म्हणून नाही, आतमध्ये सहा 'बुक्स' आहेत. पुढे 1969 मध्ये एका खंडात डिलक्स आवृत्ती निघाली तेव्हा त्यासाठी इंडिया पेपर वापरला, पातळ तरी मागची अक्षरं सहज न दिसणारा. तसा कागद असेल तर एक खंड जरूर घ्या. पण साधा कागद वापरून हजार-अकराशे पानं एकत्र कोंबली तर नाकापेक्षा मोती जड. शिवाय सुट्या खंडांचं एक सुख आहे, परिशिष्टं तिसऱ्या खंडात असतात, त्यामुळे पहिला वाचताना तिसरा शेजारी उघडा ठेवता येतो, वंशावळी-तारखांसाठी सारखी पानं मागेपुढे करावी लागत नाहीत. आणि नकाशा! मूळ आवृत्तीत टोल्किनच्या मुलाने, ख्रिस्तोफरने काढलेला, काळ्या-लाल शाईतला, घडी उलगडायचा नकाशा होता. दोन पानांवर छापलेल्या नकाशात मधला मुलूख शिलाईत गडप होतो, म्हणून घडीचा नकाशा असलेली आवृत्ती मिळाली तर दोनशे रुपये जास्त द्यायला मी कधीच कचरत नाही.

अर्थसीचं, म्हणजे उर्सुला ल ग्विनच्या जादूगारांच्या कादंबरीमालेचं, मात्र वाईट वाटतं. 2018 ची चार्ल्स व्हेसच्या चित्रांची एकत्रित आवृत्ती अतिशय देखणी आहे, ल ग्विनबाईंशी बोलत बोलत काढलेली चित्रं, आणि पुस्तक यायच्या काही महिने आधीच बाई गेल्या. मी ते डायनिंग टेबलवर उशी ठेवून वाचते. पण 1968 मधली पहिली गोष्ट केवढी आटोपशीर, गॅलरीत झोपाळ्यावर एका हातात धरून वाचायची!

तर अर्थसीचे सुटे, शिवलेले हार्डकव्हर पुण्यात कुणी कुठे पाहिले असतील, डेक्कन, कॅम्प, अप्पा बळवंत चौक, कुठेही, तर कमेंटमध्ये सांगा. रविवारी भाच्याला घेऊन बाहेर पडतेय.